दुमडलेलं पान

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोड सोडते, तेव्हा पासधारकांच्या डब्यात पहिली काही मिनिटं बोलण्याची असतात. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या मुलाचा निकाल लागलाय, सगळं विचारून होतं. मग देवळाली मागे पडते आणि डबा शांत होतो. कुणी डोळे मिटतं, कुणी भाजी निवडायला घेतं, कुणी पोथी काढतं. मी अकरा वर्षं त्या गाडीनं नोकरीला मुंबईला जात होते आणि माझ्या पिशवीत डब्याच्या शेजारी कायम पुस्तक असायचं. एके दिवशी हात घातला, तर हातात आलेलं पुस्तक माझं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. रात्री दोघींची पुस्तकं एकाच टेबलावर पडली होती आणि पहाटेच्या घाईत मी तिचं उचललं होतं.

किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी होती. जेमतेम दीडशे पानं, मुखपृष्ठावर सायकल धरून उभी असलेली मुलगी. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मी ती उघडली. इगतपुरी कधी आली ते कळलं नाही. कसारा घाटात बोगद्यामागून बोगदे येतात. उजेड गेला की मी ओळीवर बोट ठेवून थांबायची आणि उजेड आला की पुढे वाचायची. अशातच एक पान आलं, ज्याचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर गोष्टीतली मुलगी आईला काहीतरी सांगायला स्वयंपाकघरात येते. आईचे हात पिठात आहेत. आई म्हणते, मग सांग. आणि ते ‘मग’ पुढे कधी येतच नाही.

माझी मुलगी दोन महिने घरात ‘काही नाही’ एवढंच बोलत होती. काय झालं? काही नाही. जेवण का गेलं नाही? काही नाही. तो कोपरा तिनं दुमडला होता.

समोर बसलेल्या बाईंनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहून विचारलं, “मुलीचं आणलंत वाटतं?” मी म्हटलं, “हो, चुकून आलं.” आणि ते पिशवीत ठेवून दिलं. कल्याण येईपर्यंत बाहेर काढलं नाही. ते चुकून आलं होतं हे खरं. पण मी ते चुकून वाचत नव्हते. मोठ्या माणसाला हे कबूल करायला संकोच का वाटतो, हे मला तेव्हापासून पडलेलं कोडं आहे, आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

संकोच वाटणारी मी एकटी नाही. २०१२ मध्ये बोकर या पुस्तकबाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं अमेरिकेतल्या खरेदीदारांची पाहणी केली होती. किशोरांसाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून अधिक वयाचे निघाले. त्यांतला मोठा गट ३० ते ४४ या वयाचा होता. आपल्याला वाटेल, पोरांसाठी घेत असतील. पण दर शंभरातल्या ७८ वेळा ते पुस्तक स्वतःला वाचायलाच घेतलेलं होतं.

आपल्याकडे अडचण कपाटापासून सुरू होते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. या गावाला पुस्तकांची सवय कितीतरी पिढ्यांची आहे. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयात जा, किशोर साहित्य बहुधा बालविभागातच ठेवलेलं सापडतं. तिथल्या खुर्च्या बुटक्या, भिंतीवर हत्ती आणि ससे. चौदा वर्षांच्या मुलाला तिथे बसायची लाज वाटते आणि चाळिशीच्या बाईला तिथे उभं राहायची. म्हणजे ज्यांना ती पुस्तकं हवी आहेत ते दोघंही बाहेर. परीकथा संपल्या की आपण मुलाला थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांत ढकलतो. मधल्या त्या पाच-सहा वर्षांसाठी आपल्याकडे नीटशी जागाच नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, एवढा मोठा आधार. माझ्या वयाच्या किती जणी रात्री कामं आवरली की फोनवर ते अंक वाचतात, हे मला माझ्या मैत्रिणींवरून माहीत आहे.

मोठी माणसं ही पुस्तकं का वाचतात असं विचारलं की पहिलं उत्तर येतं ते आठवणींचं. बालपण आठवतं, बरं वाटतं. त्यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञांना असं आढळलं आहे, की चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्यांत साधारण दहा ते तीस या वर्षांतल्या आठवणी फार जास्त निघतात. त्या वर्षांत बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात, हे त्याचं एक कारण सांगतात. पहिली फसवणूक, पहिलं मरण पाहणं, पहिल्यांदा आपण चुकलो आणि ते कुणालाच कळलं नाही हे कळणं. नंतर अशा गोष्टी पुन्हा घडतात, पण तेवढ्या खोल उमटत नाहीत.

तरीही हे उत्तर मला पुरत नाही. मला चौदा वर्षांची पुन्हा व्हायचं नाही. कुणी व्हा म्हटलं तर मी हात जोडीन. ते वय सुखाचं असतं असं म्हणणारा माणूस ते विसरलेला असतो. आतून काहीतरी उसळत असतं आणि त्याला नाव नसतं. राग आहे की भीती, हेही ठरत नाही. आई-वडिलांना सांगावं तर आपल्याकडे शब्द नाहीत आणि त्यांच्याकडे वेळ. म्हणून आपण म्हणतो, काही नाही. आणि मग मोठे होतो, संसाराला लागतो, ते तसंच नाव न मिळालेलं आत राहून जातं. चांगली किशोर कादंबरी त्याला नाव देते. तीस वर्षांनी का होईना, देते. घाटात मला जे झालं ते हेच होतं. त्या पानावरच्या मुलीत मला माझी मुलगी दिसली हे खरं, पण तिच्याआधी मीच दिसले. चुलीपाशी उभी राहून, सांगायचं ते गिळून परत गेलेली.

इथे मला आपल्याच गावात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला सुरुवात आणि १३ तारखेला शेवट. पाच दिवस. तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते, स्वातंत्र्याच्या चळवळीत पकडलेले राजकैदी. आज आपण ते पुस्तक मुलांच्या हातात देतो, पण त्याची मांडणी आठवून पाहा. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री प्रार्थना झाल्यावर आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना नावच ‘रात्र’ असं आहे. अशा ४२ रात्री. सांगणारा मोठा, ऐकणारे त्याचे आश्रमातले सोबती. दिवसभर कामं करून थकलेली माणसं अंधारात बसून एका मुलाच्या चुका ऐकताहेत आणि डोळे पुसताहेत. मोठ्यांनी लहान वयाच्या गोष्टी का ऐकायच्या, असा प्रश्न त्या आश्रमात कुणी विचारत नाही.

त्यातला पोहण्याचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. मी पाचवीत तो वाचला तेव्हा मला फक्त ती विहीर दिसली होती. काळं पाणी, आणि आईचा खूप राग आला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचला, तेव्हा विहीर कुठेच नव्हती. मी पूर्ण वेळ त्या बाईच्या हाताकडे पाहत होते. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून जो हात उठला, त्याला रात्री झोप लागली असेल का? आणि तरीही, श्रोतेहो, विहिरीची ती भीती माझ्या मनातून गेली नाही. दोन्ही बाजू एका वेळी खऱ्या वाटत होत्या. मुलाला हे जमत नाही, कारण तो अजून आई झालेला नसतो. मोठ्याला रोजच्या जगण्यात जमत नाही, कारण तो मूल होता हे त्याला आठवत नाही. पुस्तक हातात असतं तेवढ्या वेळापुरतं जमतं. मला त्या वाचनाची ओढ आहे ती यासाठी.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. हे लिहिणारेही बहुतेक उशिराच लिहितात. प्रकाश नारायण संतांचं लंपन या शाळकरी मुलाच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक, ‘वनवास’, १९९४ मध्ये आलं, तेव्हा संतांची पन्नाशी उलटलेली होती. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली २००४ मध्ये. आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची गोष्ट, आणि लिहिणारे चाळिशीतले. ही दोन्ही पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात असतात, आणि शाळेतली मुलं ती शोधून नेतात. चौदाव्या वर्षी जे घडलं ते सांगायला माणसाला इतकी वर्षं लागतात. मग ते ऐकायला तेवढीच वर्षं लागली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

काही जाणकार म्हणतात की या पुस्तकांत सगळं फार लवकर नीट होतं, मोठ्या वाचकानं आयुष्याची गुंतागुंत पेलणारं साहित्य वाचावं. मी त्यांचं म्हणणं उडवून लावत नाही. अशी पुस्तकं आहेत. आणि मराठीत त्याहून मोठा दोष आहे, तो मी मनापासून सांगते. आपल्या कितीतरी किशोर कादंबऱ्या मुलांना वळण लावायला लिहिलेल्या असतात. चौथ्या पानावर कळतं की हा मुलगा शेवटी अभ्यासाला लागणार आहे. अशा पुस्तकात लेखक मुलाच्या आत शिरतच नाही, बाहेर उभा राहून बोट दाखवत राहतो. ते मुलंही वाचत नाहीत आणि मीही पुरं करू शकत नाही. माझ्याकडे एकच कसोटी आहे. पुस्तकात मूल चुकतं तेव्हा लेखक त्याच्या शेजारी बसतो, की समोर? शेजारी बसला असेल तर ते पुस्तक कुठल्याही वयाला पुरतं, मग शेवट गोड असो की नसो.

खरं तर कोवळ्या वयाचा शब्द मोठ्यांनी मान खाली घालून ऐकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या आपल्या नाशकातून त्र्यंबकेश्वरकडे जातात. त्या थंडीत रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की मला दर वर्षी वाटतं, ही सगळी कुणाची गोष्ट आहे? आई-वडील गेलेल्या, समाजानं वाळीत टाकलेल्या चार भावंडांची. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. परंपरेनं मानलेलं १२७५ हे जन्मवर्ष धरलं, तर सांगणारा पंधरा वर्षांचा होता. आणि लोकांचं बोलणं जिव्हारी लागून तो झोपडीचं दार लावून बसला, तेव्हा दाराशी कोण उभी राहिली? सर्वांत धाकटी मुक्ताबाई. ताटीच्या अभंगांत ती त्याला समजावते, विनवते, दार उघड म्हणते. आज ज्या वयाच्या मुलीला आपण ‘तुला काय कळतंय’ म्हणतो, त्या वयाच्या मुलीचे ते शब्द आहेत. सत्तर वर्षांची माणसं ते गात चालत असतात. त्यांच्या हातात किशोर कादंबरी दिली तर ती सहज वाचतील, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

दार लावून बसलेलं मूल प्रत्येक घरात कधी ना कधी असतं. माझ्या घरात होतं. त्या संध्याकाळी परत आल्यावर मी मुलीला काही विचारलं नाही. पुस्तक तिच्या टेबलावर ठेवलं. दुमडलेला कोपरा सरळ केला नाही. एवढंच केलं की रात्री पोळ्या करताना ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा गॅस बंद केला आणि हात धुतले. ती म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” ती थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली आणि पाणी पिऊन गेली.

सोमवारी पंचवटीत मी पुस्तकासाठी पिशवीत हात घातला. आदल्या रात्री मी माझं पुस्तक आठवणीनं आत ठेवलं होतं. ते होतंच. पण त्याच्याखाली, डब्याला टेकवून, आणखी एक ठेवलेलं होतं. मुखपृष्ठावर दोन मुलं, एक नदी. मी ते उघडलं आणि पानं चाळत कोपरे पाहत गेले. एकेचाळिसाव्या पानाचा दुमडलेला होता. समोरच्या बाईंनी विचारलं, “आजही मुलीचं आलंय का?”

मी म्हटलं, “नाही. हे तिनं मला दिलंय.”

नमस्कार.