मॉनिटरिंग अपडेट केलं, डॅशबोर्ड हिरवा आहे… पण अलर्ट येतायत का?

नमस्कार मंडळी! सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येक टीमकडे एक काम कायम "पुढच्या महिन्यात बघू" या यादीत पडून असतं: मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं अपडेट. नागिओस असो, झॅबिक्स, प्रोमिथियस किंवा स्प्लंक. बाकी सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरवर मात्र कोणाचीच नजर नसते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एक खरं उदाहरण घेऊ.

[स्क्रीनवर: १ जानेवारी २०२०]

स्प्लंक लॉग, म्हणजे सिस्टिमने लिहिलेल्या नोंदी, वाचतं तेव्हा प्रत्येक नोंदीतली तारीख त्याला ओळखावी लागते. त्यासाठीचे नमुने एका फाइलमध्ये लिहिलेले असतात, डेटटाइम डॉट एक्सएमएल. या फाइलमध्ये दोन आकडी वर्षाचा नमुना असा होता, की पहिला आकडा ९, ० किंवा १ असेल तरच ते वर्ष. म्हणजे ९९ चाललं, ०५ चाललं, १९ चाललं. आणि २०? नाही चालत! त्याच फाइलमध्ये दुसरी गोची. युनिक्स टाइम म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. हा आकडा १३ सप्टेंबर २०२० रोजी १६० कोटींवर जाणार होता, आणि नमुन्यात १६ ने सुरू होणाऱ्या आकड्याची सोयच नव्हती.

कंपनीने २०१९ संपायच्या आधीच इशारा दिला, दुरुस्त फाइलही दिली. पण ज्यांनी ती टाकली नाही त्यांच्याकडे काय होणार होतं ते नीट बघा. सर्व्हर पडणार नव्हता. सर्व्हिस चालू, लॉग येतायत, डिस्कवर जागा आहे. फक्त नोंदींना चुकीची तारीख लागणार. आता तुमचा अलर्ट, म्हणजे गडबड दिसली की कळवणारा नियम, शोधतोय "गेल्या १५ मिनिटांतल्या चुका", आणि ताज्या नोंदी भलत्याच तारखेला जाऊन बसल्यात. अलर्टला काहीच सापडत नाही, म्हणून तो गप्प. शिवाय दुरुस्ती फक्त मुख्य सर्व्हरवर करून भागत नव्हतं. लॉग पुढे पाठवणारे फॉरवर्डरही यादीत होते, आणि ते तर शेकडो मशिनवर पसरलेले असतात.

म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे: मॉनिटरिंग बंद पडलं तर अर्ध्या तासात बोंब होते. ते आंधळं झालं तर ग्राहकाचा फोन येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. अपडेट करताना भीती बाळगायची ती या दुसऱ्या प्रकाराची.

आणि हे आंधळेपण बहुतेक वेळा मूळ सॉफ्टवेअरमधून येत नाही, ॲड-ऑनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून येतं. नागिओसचे ॲड-ऑन, म्हणजे प्लगइन घ्या. करार अगदी साधा आहे: प्लगइन चालतो आणि जाताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे "मला कळलं नाही". नागिओस त्या आकड्यावर विश्वास ठेवतं.

[स्क्रीनवर: छोटी शेल स्क्रिप्ट]

ही स्क्रिप्ट बघा. डेटाबेस तपासणाऱ्या कमांडचं आउटपुट पाइपने, म्हणजे दोन कमांड जोडणाऱ्या चिन्हाने, टेल या दुसऱ्या कमांडकडे पाठवलंय, शेवटची ओळ तेवढी हवी म्हणून. वर्षानुवर्षं चाललेली असते अशी स्क्रिप्ट. मग कोणीतरी ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करतं, डेटाबेसची लायब्ररी बदलते, कमांड चुकीच्या कोडसह बाहेर पडते. पण शेल काय परत देतं? पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड. टेलचं काम तर व्यवस्थित झालंय, तो म्हणतो ०. डॅशबोर्ड हिरवागार! तपासणी मेलीय आणि स्क्रीन म्हणतेय सगळं आलबेल.

३ ची गोष्टही तशीच. अनेक ठिकाणी या ३ साठी, म्हणजे "अननोन"साठी, नोटिफिकेशन बंद करून ठेवलेलं असतं, कटकट नको म्हणून. पायथन २ चा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीला संपला, नंतरच्या सिस्टिममधून तो निघूनही गेला, आणि त्यावर लिहिलेले जुने प्लगइन असेच एकेक करून अडले. अपग्रेडपूर्वी आणि नंतर "अननोन" किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. फरक दिसला की आधी तिथे हात घाला.

झॅबिक्सची तऱ्हा वेगळी. नव्या मेजर व्हर्जनचा सर्व्हर सुरू झाला की तो डेटाबेसची रचना आपणहून बदलायला घेतो. परतीचा रस्ता नाही: बदललेल्या डेटाबेसवर जुना सर्व्हर उठत नाही. रोलबॅक म्हणजे बॅकअप रिस्टोअर, बस. तेव्हा बॅकअप "घेतला" यावर समाधान मानू नका, तो दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून त्यावरच अपग्रेडची तालीम करा. वेळ किती लागतो तेही तिथेच कळतं. प्रत्येक मशिनवर बसून माहिती गोळा करणारे एजंट जुने राहिले तरी सहसा चालतात, ती माहिती मधे गोळा करून सर्व्हरकडे पाठवणारे प्रॉक्सी मात्र सर्व्हरसोबतच अपग्रेड केलेले बरे.

अपग्रेड झाल्यावर काय तपासायचं? लॉगिन होतंय, ग्राफ दिसतोय, हे पुरेसं नाही. मुद्दाम काहीतरी बिघडवा. टेस्ट मशिनवरची एखादी सर्व्हिस बंद करा, आणि ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी ड्युटीवर असलेल्या माणसाच्या फोनवर मेसेज पोचतो का बघा. डॅशबोर्डवर लाल दिसणं वेगळं, फोन वाजणं वेगळं. प्रोमिथियसवाले यासाठी "वॉचडॉग" नावाचा अलर्ट ठेवतात. तो कायम वाजतच असतो, आणि तो थांबला की बाहेरची दुसरी यंत्रणा ओरडते.

आता कोणीतरी म्हणेल, मग अपडेटच नको! सोलरविंड्सचं माहीत आहे ना? माहीत आहे. २०२० मध्ये या कंपनीच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत, डिजिटल सही केलेल्या अपडेटमधूनच हल्लेखोरांचा कोड आत गेला. कंपनीच्या अंदाजानुसार ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं असू शकतं. आत गेल्यावर तो कोड दोन आठवड्यांपर्यंत गप्प बसायचा. कुंपणानेच शेत खाल्लं. पण त्यावरून अपडेट थांबवणं मला पटत नाही, कारण पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, लॉगफोरजे या, जावा प्रोग्रॅममध्ये लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी समोर आली आणि तिथे उशीर करणं हाच धोका होता. मॉनिटरिंगच्या खात्याला फक्त वाचण्याचे अधिकार द्या, आणि त्या सर्व्हरला इंटरनेटवर मोकाट जाऊ देऊ नका. ओरायनसारख्या प्रकारात हीच दोन बंधनं नुकसान आवरतात.

लॉगफोरजेच्या वेळी टीम सर्वांत जास्त अडकल्या त्या एका साध्या प्रश्नावर: हे आपल्याकडे नेमकं कुठे कुठे आहे? त्यासाठी ॲड-ऑनची यादी लागते. नाव, व्हर्जन, कुठून आणला, कोणतं खातं वापरतो, आणि सांभाळतो कोण. शेवटचा रकाना भरताना मजा येते. ज्याच्यापुढे कोणाचंच नाव लिहिता येत नाही, त्या प्लगइनची तपासणी सगळ्यांत आधी करा.

पुढच्या व्हिडिओत वॉचडॉग अलर्ट शून्यापासून उभा करून दाखवतो. भेटू!