बडोद्याला शिकायला गेले एक, गाजले भलत्याच कामात

(थेट कॅमेऱ्याकडे)

मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला एक मुलगा. बी.कॉम. झाला, सीए झाला. घरच्यांच्या दृष्टीने गंगेत घोडं न्हालं. आणि १९६२ साली हा पठ्ठ्या सगळं सोडून बडोद्याला गेला. कला शिकायला! तिथे त्याने प्रवेश घेतला तोही चित्रकलेच्या वर्गात नाही, तर कलासमीक्षेच्या. म्हणजे दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहायचं कसं, ते शिकायला.

२०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने याच माणसाचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं. समीक्षेचं नाही, चित्रांचं. माणसाचं नाव भूपेन खक्कर.

नमस्कार मंडळी. आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या माणसांबद्दल बोलूया. बडोदेकर या विद्यापीठाला नुसतं 'एम.एस.' म्हणतात आणि त्यातल्या कला विभागाला 'फाइन आर्ट्स'. माजी विद्यार्थ्यांची यादी इंटरनेटवर कुठेही मिळेल, ती वाचून दाखवायला मी इथे बसलेलो नाही. मला त्या यादीत एक गंमत दिसते. यातले बरेचसे लोक ज्या विषयासाठी तिथे गेले, त्या विषयात नाव काढायचं सोडून भलतीकडेच चमकले. आणि हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. त्या जागेची घडणच तशी होती.

(पडद्यावर: सयाजीरावांचं छायाचित्र)

सुरुवात अर्थात इथून. नाशिक जिल्ह्यातलं मालेगावजवळचं कवळाणे गाव. तिथला गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. सयाजीरावांनी ग्रंथालयं काढली, सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, हेही आपण ऐकलेलं असतं. पण १८९० साली त्यांनी 'कलाभवन' नावाची संस्था सुरू केली, ती मात्र आपण विसरतो. नावावर जाऊ नका. तिथे चित्रकला होतीच, पण त्याच आवारात कापड रंगवणं, विणकाम आणि यंत्रकामही शिकवत. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे मुळात रसायनशास्त्राचे. म्हणजे ब्रश धरणारा मुलगा आणि यंत्राचं तेल हाताला लागलेला मुलगा एकाच फाटकातून आत जायचे.

या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण शिकला. आधी मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्यात. चित्रं, मातीकाम, वास्तुकला, फोटोग्राफी, जे दिसेल ते शिकत सुटला. धुंडिराज गोविंद फाळके! पुढे १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आता विचार करा, सिनेमा काढायला काय काय लागतं? सेट लागतो, कॅमेरा लागतो, फिल्म धुवायला रसायनं लागतात, चित्राची नजर लागते. हा अभ्यासक्रम १८९० साली जगात कुठेच नव्हता. पण त्याचे तुकडे बडोद्यात एका ठिकाणी मिळत होते. जोडायचं काम फाळक्यांनी केलं.

काही जण म्हणतील, अहो, पण तेव्हा विद्यापीठ कुठे होतं? बरोबर. विद्यापीठ झालं १९४९ साली. पण ते मोकळ्या माळावर उभं राहिलं नाही. १८८१ सालचं बडोदा कॉलेज, हे कलाभवन, १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा, अशा जुन्या संस्था एकत्र करून ते झालं. कलाभवनाची आज तंत्रशास्त्राची शाखा झाली आहे. तेव्हा फाळक्यांवर एम.एस.ने हक्क सांगितला तर मी तरी भांडणार नाही.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. त्या स्वतः बडोदा कॉलेजच्या विद्यार्थिनी, विषय तत्त्वज्ञान. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आधी 'सर्व पुरुष' अशा अर्थाची शब्दरचना होती. ती 'सर्व मानव' अशी व्हावी म्हणून हट्ट धरून बसल्या त्या याच बाई. तो जाहीरनामा १९४८ चा. पुढच्याच वर्षी त्या बडोद्यात कुलगुरूंच्या खुर्चीत होत्या.

१९५० साली फाइन आर्ट्स सुरू झालं. तेव्हा जेजेत शिकलं की डिप्लोमा मिळायचा. बडोद्यात विद्यापीठाची पदवी मिळू लागली, बी.ए. किंवा एम.ए. चित्रकला. हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण पदवी म्हटली की वाचन आलं, निबंध आले, कलेचा इतिहास आला. नुसता हात तयार करून भागेना.

आणि शिक्षक कोण? चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरचा मराठी माणूस, जग फिरून आलेला. शिल्पकलेला शंखो चौधुरी, शांतिनिकेतनमध्ये तयार झालेले. आणि के. जी. सुब्रमण्यन, ते मूळचे केरळचे, शिकले शांतिनिकेतनला, सगळे त्यांना 'मणिदा' म्हणायचे. या मणिदांकडे जरा लक्ष द्या. मधली काही वर्षं त्यांनी हातमाग मंडळात डिझाइनचं काम केलं. विणकर, कुंभार, खेळणी करणारे कारागीर यांच्यात ते वावरले. परत आले ते मनात एक गोष्ट पक्की करून: चित्रकार वरचा आणि कारागीर खालचा, ही उतरंड खोटी आहे. फाइन आर्ट्समध्ये जत्रा भरायची. मुलं आणि मास्तर मिळून खेळणी बनवायचे आणि विकायचे. मणिदांची लाकडी खेळणी आज संग्रहालयात आहेत, तेव्हा ती जत्रेत मांडलेली असत.

(थोडं थांबून)

आता मृणालिनी मुखर्जींकडे येऊया. या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं नाव. जन्म मुंबईचा, १९४९. वडील म्हणजे शांतिनिकेतनचे थोर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, आई लीला मुखर्जी शिल्पकार. मुलगी बडोद्याला आली चित्रकला शिकायला. पदवी घेतली, मग मणिदांच्या हाताखाली भित्तिचित्र शिकू लागली. आणि तिथे तिच्या हाती लागला ताग. सुतळी. जिने आपण पोतं शिवतो ती.

माग नाही, चरखा नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही. हाताने एकेक गाठ मारत तिने माणसाच्या उंचीच्या, कधी त्याहून मोठ्या आकृत्या उभ्या केल्या. 'यक्षी', 'पक्षी', 'वनश्री', 'रुद्र'. समोर उभं राहिलं की कळत नाही ही देवता आहे, की उमलणारं फूल, की अंगावर येणारं काहीतरी. घडी घातलेला पदर दिसतो, तोच पुढच्या पावलाला ओठांसारखा दिसायला लागतो. खूप वर्षं लोकांनी याला हस्तकला म्हणून बाजूला ठेवलं. दोरकामच की! २०१५ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं प्रदर्शन केलं. सुतळी बदलली नव्हती, बघणाऱ्यांचे डोळे तेवढे बदलले होते.

(पडद्यावर: खक्करांची चित्रं, एकामागून एक)

भूपेनकडे परत जाऊ. त्याला 'भूपेन' म्हणतोय कारण सगळं बडोदं तसंच म्हणायचं. चित्रकार म्हणून नाव होत असतानाही हा माणूस बडोद्यातल्या एका कारखान्यात हिशेब लिहायची अर्धवेळ नोकरी करत राहिला. आणि चित्रं कोणाची काढली? शिंप्याच्या दुकानाची. 'जनता वॉच रिपेअरिंग' अशी पाटी असलेल्या घड्याळजीची. न्हाव्याची. त्या काळात आपले बडे चित्रकार पॅरिसकडे डोळे लावून अमूर्त रंगवत होते, आणि हा कॅलेंडरमधले देव, दुकानाच्या पाट्या, फोटो स्टुडिओतले मागचे पडदे उचलून कॅनव्हासवर आणत होता. रेखाटन कच्चं आहे, अशी टीका व्हायची. मला विचाराल तर तो कच्चेपणा होता म्हणूनच त्याची माणसं खरी वाटतात. पक्क्या हाताने तो शिंपी पुतळा झाला असता.

१९८१ सालचं त्याचं एक चित्र घ्या. शीर्षकाचा अर्थ, सगळ्यांना खूश ठेवता येत नाही. मागे लहान लहान प्रसंगांत आपली ओळखीची गोष्ट, बाप, मुलगा आणि गाढव. पुढे गॅलरीत एक माणूस पाठमोरा उभा, अंगावर चिंधी नाही. तो भूपेन स्वतः. आपण समलिंगी आहोत हे त्याने चित्रातून सांगितलं, आणि कोणत्या काळात, तर ज्या काळात तो शब्दही घरात कोणी उच्चारत नव्हतं. १९८२ मधलं 'बनारसमधले दोन पुरुष' हे तर त्याहून थेट. २०१९ च्या लिलावात त्याला सुमारे २५ लाख पौंड मिळाले. भूपेन २००३ मध्येच गेला होता. हिशेबनीस माणूस, त्याने हा आकडा कोणत्या रकान्यात लिहिला असता कोण जाणे.

याला बडोद्याला ओढून नेणारा मित्र म्हणजे गुलाममोहम्मद शेख. सुरेंद्रनगरचा मुलगा, बडोद्यातून एम.ए. चित्रकला, मग लंडन, मग परत येऊन तिथेच शिकवणं. शेख गुजरातीतले महत्त्वाचे कवीही आहेत. १९६९ पासून चार-पाच वर्षं या दोघांनी मिळून 'वृश्चिक' नावाचं छोटं नियतकालिक चालवलं, नावाप्रमाणेच नांगी असलेलं. १९८१ साली यांच्यासोबत मुंबई-दिल्लीत प्रदर्शन भरवणाऱ्या सहा जणांत आपले ठाण्याचे डॉक्टर, सुधीर पटवर्धन, हेही होते. ते बडोद्याचे विद्यार्थी नव्हेत, पण रस्त्यावरचा माणूस चित्रात आणायची ओढ एकच.

ज्योती भट्ट. भावनगरचे, पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी. शिकले चित्रकला, मग न्यूयॉर्कला जाऊन छापचित्रांत पारंगत झाले. १९६७ मध्ये एका चर्चासत्रासाठी लोककलेचे फोटो हवे होते म्हणून कॅमेरा घेऊन गुजरातच्या खेड्यांत गेले. सारवलेल्या भिंतींवरची चित्रं, उंबऱ्यापुढच्या रांगोळ्या, त्या काढणाऱ्या बायका. ही घरं सिमेंटची होणार हे त्यांना दिसत होतं. मग काय, पुढची कितीतरी वर्षं ते फोटोच काढत राहिले. आज त्यातल्या अनेक भिंती राहिलेल्या नाहीत, फोटो आहेत.

पुष्पमाला एन. यांनी शिल्पकला शिकली आणि पुढे स्वतःच वेगवेगळ्या भूमिका करून स्वतःचे फोटो काढवून घेतले. जुन्या स्टंटपटांतल्या 'हंटरवाली' नाडियाची आठवण करून देणारी त्यांची मुखवटेवाली बाई मुंबईत फिरते, बघाच. आणि आपले तुषार जोग. आधी जेजे, मग बडोदा, विषय शिल्पकला. २०१० मध्ये हा गृहस्थ बुलेटवर बसून मुंबईहून शांघायला गेला, वाटेत मोठी धरणं आणि त्यात उठलेली गावं बघत. तिथे पोचल्यावर बुलेट सुटी केली आणि तिचंच शिल्प केलं! २०१८ मध्ये तुषार गेले, फार लवकर.

सगळेच असे उड्या मारणारे नव्हते, हेही सांगायला हवं. ध्रुव मिस्त्री शिल्पकला शिकले आणि शिल्पकारच झाले. बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया चौकात कारंजातली ती भव्य स्त्री त्यांची. विवान सुंदरम, हिम्मत शाह, नीलिमा शेख, लक्ष्मा गौड, प्रत्येकावर वेगळा व्हिडिओ होईल.

आणि सगळं गोड गोडही नाही. मे २००७ मध्ये, परीक्षेसाठी लावलेल्या चित्रांवरून फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थ्याला अटक झाली. त्याची बाजू घेणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केलं. परीक्षेचं चित्र हो, बाजारात मांडलेलं नव्हे. ज्या आवारात भूपेन घडला, तिथे हे झालं. मोकळं वातावरण एकदा मिळालं की कायमचं मिळतं, असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आता कला सोडून दोन नावं घेतो आणि थांबतो.

वेंकी रामकृष्णन. आई-वडील दोघंही एम.एस.मध्ये शिकवायचे, मुलगा बडोद्यातच वाढला. १९७१ मध्ये तिथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. अमेरिकेत जाऊन पीएच.डी.ही भौतिकशास्त्रातच. मग लक्षात आलं, आपल्याला जीवशास्त्र आवडतंय. डॉक्टरेट खिशात असताना पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला बसले. २००९ साली नोबेल मिळालं. कशाचं? रसायनशास्त्राचं!

आणि दुसरं नाव विनायक नरहरी भावे. पेणजवळच्या गागोद्याचा मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यात आला आणि बडोदा कॉलेजात दाखल झाला. तेव्हा हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, त्यामुळे इंटरच्या परीक्षेला मुंबईला जावं लागे. त्याआधीच एक दिवस, आई स्वयंपाक करत असताना, त्याने आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. मार्च १९१६ मध्ये परीक्षेसाठी म्हणून गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीची गाडी पकडली. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागलं. परीक्षा दिली नाही, पदवी घेतली नाही, होती ती प्रमाणपत्रं जाळली. आता यांना माजी विद्यार्थ्यांच्या यादीत धरायचं की नाही? विद्यापीठाने काय ते ठरवावं. मी तर धरतो, आणि वरच्या पाचांत धरतो.