काळा घोडा पुन्हा जागेवर आणताना

मुंबईतल्या काळाघोडा परिसराला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो पुतळा आज तिथे नाही. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, हा अश्वारूढ पुतळा जोसेफ बोम यांनी घडवला. अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून १८७९मध्ये तो उभा राहिला आणि १९६५मध्ये भायखळ्याच्या राणीबागेत हलवला गेला. २०१७ साली जुन्या परिसरात नवा घोडा बसला, पण त्यावर स्वार नाही. त्या जागी मोबाइल धरला की पडद्यावर मूळ पुतळा पुन्हा तिथे दिसावा, हे काम कॉलेजातल्या चार-पाच जणांना नक्की जमेल. त्यासाठी लागतो एक बरा कॅमेरा, आणि चिकाटी.

पद्धत फोटोग्रामेट्रीची. एकाच वस्तूचे अनेक बाजूंनी काढलेले फोटो सॉफ्टवेअर जुळवतं आणि त्यातून त्रिमितीय आकार उभा करतं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान सत्तर टक्के भाग यायला हवा. राणीबागेतल्या पुतळ्याभोवती तीन फेऱ्या घ्या : छातीच्या उंचीवरून, खाली बसून आणि रंगाऱ्याच्या लांब काठीला फोन बांधून वरून. दर दहा अंशांना एक, म्हणजे फेरीला ३६ फोटो. घोड्याचं पोट, पायांमधली जागा आणि लगाम यांचे तीस-चाळीस वेगळे काढा. इथेच बहुतेकांचं काम फसतं : पोटाखालचे फोटो कमी पडले की चारही पाय पडद्यासारखे एकमेकांना चिकटलेले येतात.

दुसरा शत्रू म्हणजे चकाकी. काळपट धातूवर उन्हाची तिरीप पडली की आपण सरकू तशी तीही सरकते. सॉफ्टवेअर तिला पुतळ्याचाच भाग समजतं आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर खड्डे उमटतात. म्हणून ढगाळ दिवस निवडा. जुलै-ऑगस्टचं आभाळ उत्तम, मात्र भिजलेला धातू आणखी चमकतो, तेव्हा पुतळा पुरता सुकू द्या. फोनवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा; पोर्ट्रेट, नाइट आणि एचडीआर बंद. मागे पांढरं आभाळ असलं की पुतळा काळा ठिक्कर येतो, त्यामुळे एक्स्पोजर थोडं वाढवा. हलणारी पानं मास्क करून, म्हणजे फोटोतला तेवढा भाग झाकून, काढून टाका. बाग बुधवारी बंद असते, आणि काठी-ट्रायपॉड न्यायचे तर परवानगी आधी घ्या.

फोटोंना स्वतःचं माप नसतं. चौथऱ्यापाशी एक मीटरची पट्टी ठेवून तीही फोटोंत घ्या, नाहीतर रस्त्यावर युवराज खेळण्याएवढा उभा राहील. फोटो जुळवणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मेश, म्हणजे छोट्या त्रिकोणांनी बनलेला पुतळ्याचा पृष्ठभाग, तयार झाली की ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये ती साठ-सत्तर हजार त्रिकोणांपर्यंत उतरवा. खोगिराचे, लगामाचे बारकावे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, बेक केले (उतरवले) तर ते टिकतात. फाइल दहा एमबीच्या आत ठेवा, कारण बघणारा ती रस्त्यात उभा राहून मोबाइल डेटावर उतरवणार आहे.

सगळ्यांना ॲनिमेशन करून घोडा चालता दाखवायची घाई असते. मला हे मान्य नाही. फोटोंतून आलेली मेश म्हणजे एकच सलग कातडी. स्वाराची मांडी आणि घोड्याची बरगडी तिथे जोडलेली असते. हलवलं की दोन्ही एकत्र ताणली जातात. ती वेगळी करायची तर खोगिराखालचा भाग मनाने बनवावा लागतो, आणि शिल्पकारानं जे घडवलंच नाही ते त्याच्या नावावर खपवणं बरं नव्हे. ओठ हलवण्याचंही तसंच : पुतळ्याच्या तोंडात आतली पोकळी नसते. युवराजाला मराठी बोलायला लावण्यापेक्षा पुतळ्याची कहाणी निवेदकाच्या आवाजात ऐकवा. १८७९, १९६५ आणि २०१७ एवढ्या तीन टप्प्यांत ती नव्वद सेकंदांत बसते. खाली अक्षरं द्या, तिथल्या रहदारीत आवाज ऐकू येत नाही.

जागेसाठी जीपीएसवर विसंबू नका. उंच दगडी इमारतींवरून सिग्नल परततात आणि पुतळा पाच-दहा मीटर सरकून गाडीच्या टपावर उभा राहतो. बघणाऱ्यालाच जमिनीवर बोट टेकवून तो बसवू द्या. पुतळा मोबाइलवर उघडून देणारा क्यूआर कोड जुन्या दगडावर चिकटवू नका, गोंदाचा डाग दगडात मुरतो. परवानगी काढून वेगळी पाटी उभी करा. कोडमागचा वेबपत्ता तुमच्या ताब्यातला असू द्या, म्हणजे उद्या फाइल दुसरीकडे हलवली तरी पाटी बदलावी लागणार नाही.