अर्ध्या तासाची सलाईन

(दृश्य: सलाईनची नळी. एकेक थेंब पडतोय.)

अर्धा तास. एवढाच वेळ लागतो. मग घरी. ३ आठवड्यांनी पुन्हा हीच खुर्ची.

फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. यकृतापर्यंत गेलेला, त्यामुळे ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल१ ची तपासणी झाली, म्हणजे कॅन्सरच्या किती पेशींवर या नावाचं प्रथिन आहे ते पाहिलं. आकडा ५० टक्क्यांच्या वर आला आणि डॉक्टर म्हणाले, नुसत्या इम्युनोथेरपीने सुरुवात करू.

हे औषध स्वतः कॅन्सरला मारत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. मारतात त्या आपल्याच टी-पेशी, प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी. त्यांनी आपल्यावरच उलटू नये म्हणून शरीराने त्यांना ब्रेक दिलेले असतात. कॅन्सर नेमका तोच ब्रेक दाबून धरतो. औषध तो सोडवतं. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. मी दोघांना मनातल्या मनात रोज नमस्कार करते.

(दृश्य: आरशासमोर केस विंचरणारा हात.)

केस गेले नाहीत. भेटायला येणारे म्हणायचे, "अगं, तू तर छान दिसतेस!" मी हसायचे. जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसावं लागतं, हे त्यांना कसं सांगणार? मग रक्त तपासलं, तर थायरॉइड मंदावलेलं. सुटलेल्या ब्रेकची ही दुसरी बाजू. आता रोज उपाशीपोटी एक गोळी, बहुधा कायमची.

पाचव्या डोसनंतर जुलाब सुरू झाले. दिवसाला पाच-सहा वेळा. काहीतरी बाधलं असेल, असं म्हणून मी दोन दिवस गप्प राहिले. तिथे चुकलं माझं. आतड्याला सूज आली होती. माझ्याच पेशींनी आणलेली. डोस थांबला, स्टेरॉइड सुरू झाले, आणि ते हळूहळू उतरवण्यात कित्येक आठवडे गेले. नर्सताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जुलाब, धाप, कोरडा खोकला, काहीही नवीन वाटलं तर रात्री दोनलाही फोन करा."

तेव्हापासून वही ठेवली.

(दृश्य: स्कॅनची फिल्म उजेडासमोर.)

यकृतावरचा डाग आता दिसत नाही. फुफ्फुसातली गाठ आहे, पण लहान झालीय. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना हे औषध लागू पडलं नाही. त्यांची किमो सुरू झाली. दर वेळी आत शिरताना माझी नजर आधी त्यांची खुर्ची शोधते.

(दृश्य: वहीचं पान.)

आजची नोंद. पोट ठीक. खोकला नाही. जिना, दोनदा थांबून.