हजेरी

(पडद्यावर: रिकाम्या हिरव्या खुर्च्यांच्या रांगा. लांबून एकाच ढोलाचा ठेका.)

१५ मे २०२३. सोमवारची संध्याकाळ. कॅलिफोर्नियातलं ओकलंड.

हे ओकलंड कोलिझियम, ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाचं घरचं मैदान. बेसबॉलच्या सामन्याला इथे पंचेचाळीस हजारांवर माणसं बसू शकतात. आज तिकिटं खपली २,०६४. आत आलेली माणसं त्याहूनही कमी असणार, कारण इथे हजेरी धरतात ती खपलेल्या तिकिटांवरून. आज मैदानावरचे खेळाडू आपापसात काय बोलतायत तेही खुर्चीत बसून ऐकू येतं.

बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याचा एक तक्ता छापून येतो. धावा, फटके, चुका. आणि तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ असते. हजेरी.

ही गोष्ट त्या तळाच्या ओळीची आहे.

(पडद्यावर: मोसमाचं वेळापत्रक, महिन्यामागून महिना सरकत जातो.)

अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये तीस संघ आहेत. प्रत्येकाला मोसमात १६२ सामने खेळायचे असतात. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत, जवळजवळ रोज एक. आपल्या आयपीएलमध्ये एक संघ साखळीत चौदा सामने खेळतो, त्यावरून अंदाज करा. यातले ८१ सामने घरच्या मैदानावर. म्हणजे एखाद्याने सगळे बघायचे ठरवले, तर सहा महिन्यांतल्या निम्म्या संध्याकाळी तो घरी जेवायला नसतो. आणि अशी माणसं खरोखर असतात.

मोसमाची सुरुवात सगळ्यांची असते. तेव्हा कुणीच हरलेलं नसतं. शेवटचा महिनाही सगळ्यांचा, कारण तेव्हा चुरस असते. मधला जून-जुलै मात्र मुरलेल्या चाहत्यांचा. वारीत आळंदीचं प्रस्थान सगळे बघतात, पंढरपूरचा कळसही सगळ्यांना दिसतो. पण लोणंद ते तरडगाव हा मधला टप्पा फक्त चालणाऱ्यालाच माहीत असतो. बेसबॉलचा मध्य तसाच असतो.

मी तेव्हा ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला राहत होतो. तिथे मराठी घरं पुष्कळ. शनिवारी सकाळी मैदानावर क्रिकेट चालायचं, आणि बेसबॉलचं नाव काढलं की आमच्यातले निम्मे लोक जांभई द्यायचे. फ्रीमाँटहून बार्टची, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेची, गाडी धरली की सॅन लिअँड्रोनंतर कोलिझियम स्टेशन येतं. उतरलं की स्टेडियमपर्यंत जाणारा एक पादचारी पूल, दोन्ही बाजूंना जाळी. पुलावर तव्यात कांदा-मिरची परतणाऱ्या बायका, त्यावर हॉट डॉग, बाजूला पाण्याच्या बाटल्यांची खोकी, हिरव्या-पिवळ्या टोप्या. आतल्यापेक्षा निम्म्या किमतीत. तो वास नाकात गेला की मुंबईत स्टेशनाबाहेर पडल्यासारखं वाटायचं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई बसायच्या. त्यांनी मला स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. प्रत्येक खेळाडूची एक आडवी ओळ, प्रत्येक इनिंगचा एक उभा रकाना. मैदानावरच्या जागांना आकडे: पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एक; कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा, दोन; पहिला बेस, म्हणजे धाव घेताना गाठायचा पहिला टप्पा, तीन; तिसरा बेस पाच; आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप सहा. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकोनात लिहायचं ६–३. तिसरा स्ट्राइक, म्हणजे बॅटरला बाद करणारा चेंडू, बॅट न हलवता सोडून दिला, तर इंग्रजी के उलटा काढायचा. त्या पेन्सिलच वापरत. मधल्या वेळात छोट्या शार्पनरने टोक काढायच्या आणि भुसा शेंगदाण्यांच्या रिकाम्या पिशवीत टाकायच्या. १९७० च्या दशकापासून येत होत्या. संघाने जिंकलेल्या तिन्ही वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे लीगच्या अंतिम विजेतेपदांचं, सांगायच्या, १९७२, ७३, ७४, लागोपाठ तीन. मग १९८९ चं.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं. पिवळे शर्ट, मोठाल्या मिशा.)

ओकलंड ॲथलेटिक्स, सगळ्यांच्या तोंडी 'एज्'. फिलाडेल्फियात जन्मलेला, कॅन्सस सिटीत काही वर्षं काढलेला आणि १९६८ साली ओकलंडला आलेला हा संघ. ओकलंड म्हणजे बंदराचं, कामगारांचं गाव. खाडीपलीकडे श्रीमंत सॅन फ्रान्सिस्को. या गावात वाढलेला रिकी हेंडरसन याच मैदानावर बेस चोरायचा. पिचरचं लक्ष चुकवून एका बेसवरून दुसऱ्यावर पळायचं, याला चोरी म्हणतात. १९८२ च्या एका मोसमात रिकीने १३० बेस चोरले, कारकिर्दीत १,४०६. आधुनिक बेसबॉलमधले हे दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत.

आणखी एक गोष्ट इथली. वानखेडेवर आपण उठतो, हात वर करतो, बसतो, आणि लाट स्टँडमधून फिरत जाते. आपण तिला मेक्सिकन वेव्ह म्हणतो. तिचं चित्रीकरण झालेलं पहिलं उदाहरण मेक्सिकोतलं नाही, या कोलिझियममधलं आहे. १५ ऑक्टोबर १९८१, एज् विरुद्ध न्यूयॉर्कचे यांकीज. जॉर्ज हेंडरसन नावाचा एक माणूस ढोल बडवत लोकांना उठवत होता. वानखेडेवर मी कितीदा तरी त्या लाटेत उभा राहिलो असेन. ती कुठून आली हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

मग अशा जागी २,०६४ माणसं का?

२०२१ साली हा संघ ८६ सामने जिंकला होता. त्यानंतर मालकांनी संघ मोडायला काढला. मॅट ओल्सन गेला, मॅट चॅपमन गेला, ख्रिस बॅसिट गेला, मग शॉन मर्फी गेला. चांगला खेळाडू तयार झाला, त्याला चांगला पगार द्यायची वेळ आली, की त्याची पाठवणी. तिकिटं मात्र महाग झाली. स्टेडियम १९६६ सालचं, गटारं तुंबायची, दिवे बंद पडायचे. २०२२ मध्ये संघ १०२ सामने हरला. आणि एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली की मालक जॉन फिशर, गॅप ही कपड्यांची कंपनी काढणाऱ्या घराण्यातले, लास वेगासला जागा घेतायत. संघ तिकडे न्यायचा.

बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे गेले होते. अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला. उरलेला हा शेवटचा.

कारण काय दिलं जात होतं? लोक येत नाहीत. मला याची चीड येते, आजही. आधी घरातली भांडीकुंडी विकायची, चूल विझवायची आणि मग म्हणायचं, बघा, जेवायला कुणी येत नाही.

(पडद्यावर: वाहनतळ. दुपारपासून गाड्या. हिरवे शर्ट, शेगड्यांचा धूर.)

१३ जून २०२३. मंगळवार. मोसमातला एकोणसत्तरावा सामना.

एका चाहत्याच्या डोक्यातून कल्पना निघाली आणि पसरली: उलटा बहिष्कार. बहिष्कारात लोक येत नाहीत. आपण सगळे एकाच दिवशी यायचं. लोक आहेत हे दाखवायचं. ओकलंड सिक्स्टी-एट्स आणि लास्ट डाइव्ह बार या चाहत्यांच्या गटांनी वर्गणी काढून हजारो हिरवे टी-शर्ट छापले आणि फुकट वाटले. छातीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द: सेल. दुकानातला सेल नव्हे. संघ विका. ज्याला तो ओकलंडमध्ये ठेवायचाय, त्याला विका.

संघाची अवस्था काय होती ते सांगायला हवं. मोसमाच्या पहिल्या ६२ सामन्यांपैकी १२ जिंकले होते, ५० हरले होते. मग अचानक, कुणालाच कळेना कसं, लागोपाठ सहा विजय. आणि समोर टँपा बे रेज्, त्या वेळी सगळ्या लीगमध्ये अव्वल.

त्या संध्याकाळी पुलावर चालायला जागा नव्हती. हॉट डॉग संपले होते. एक बाप खांद्यावर पोरगी घेऊन चालला होता, तिचा शर्ट तिच्या घोट्यांपर्यंत आलेला. उजवीकडच्या स्वस्त बाकांवर नेहमीचे ढोलवाले. त्या बाई आपल्या जागेवर होत्या, टी-शर्ट नेहमीच्या स्वेटरवरून चढवलेला. मला म्हणाल्या, "इतक्या लोकांत मला माझी पेन्सिलच सापडेना."

पाचवी इनिंग. पाहुण्यांचा पहिला बॅटर आला. आणि ठरल्याप्रमाणे सगळं स्टेडियम गप्प झालं.

(इथे निवेदन थांबते. पाच सेकंद शांतता.)

मी खूप सामने पाहिलेत. गर्दीची इतकी दाट शांतता कधी ऐकली नव्हती. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडला त्याचा चामड्याचा आवाज वरपर्यंत आला. पुन्हा एकदा. पुन्हा. मग तो बॅटर संपला, आणि सगळे उभे राहिले. सेल द टीम. सेल द टीम. पायाखालचं काँक्रीट थरथरत होतं.

एज् २–१ ने जिंकले. लागोपाठ सातवा विजय. शेवटी काहींनी पेयांचे डबे मैदानात फेकले, ते नको होतं. पण बाकी सगळी रात्र सोन्यासारखी.

हजेरी: २७,७५९.

त्या रात्रीच्या तिकिटांचे आठ लाखांहून जास्त डॉलर क्लबने स्थानिक अन्नपेढीला आणि ओकलंडच्या शाळांच्या निधीला दिले. पण त्याच दिवशी, शेजारच्या नेवाडा राज्याच्या सिनेटने लास वेगासमधल्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा द्यायचं विधेयक मंजूर केलं. १५ तारखेला राज्यपालांची सहीसुद्धा झाली. आणि लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड म्हणाले, एका रात्रीपुरती का होईना, लीगच्या जवळजवळ सरासरीइतकी गर्दी दिसली, छान झालं.

ते वाक्य ओकलंडमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही.

(पडद्यावर: एक स्कोअरकार्ड, अगदी जवळून.)

त्यानंतर संघ लागोपाठ आठ हरला. ८१ सामने झाले तेव्हा, म्हणजे बरोबर अर्ध्यावर, हिशेब असा होता: २१ विजय, ६० पराभव. दुसऱ्या अर्ध्यातला पहिला सामना २८ जूनला, घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क यांकीजशी.

त्या रात्री यांकीजच्या डोमिंगो हेरमानने परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस बाद. एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. लीगच्या सगळ्या इतिहासातला हा फक्त चोविसावा, आणि २०१२ नंतरचा पहिलाच. यांकीज ११–०.

आता विचार करा, हे घरच्या संघाच्या बाजूने कार्डावर कसं दिसतं. खेळाडू बेसवर पोचला की चौकोनात एक तिरकी रेघ ओढायची असते. चारही रेघा जुळल्या की धाव. ओकलंडच्या बाजूला सत्तावीस चौकोन भरलेले, आणि एकाही चौकोनात रेघ नाही. नुसते आकडे आणि के. बाईंनी शेवटचा चौकोनही नीट भरला, तारीख घातली, कार्ड घडी न करता पिशवीतल्या वहीत ठेवलं. "असं कार्ड आयुष्यात एकदा भरायला मिळतं," म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता. मग विचारलं, "उद्या येताय ना?" दुसऱ्या दिवशी परत सामना होताच.

आम्ही गेलो. हरलोच.

११ जुलैला सिॲटलमध्ये ऑल-स्टार सामना झाला, सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा. मोसमाची मधली विश्रांती ती हीच. ओकलंडतर्फे एकटा ब्रेंट रूकर निवडला गेला होता. तो बॅट घेऊन उभा राहिला, आणि दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या संघाच्या स्टेडियममधून आवाज आला. सेल द टीम. टीव्हीवर सगळ्या देशाने ऐकला.

एज् त्या मोसमात ११२ सामने हरले. १६ नोव्हेंबरला लीगमधल्या संघांच्या मालकांनी मतदान केलं. स्थलांतराच्या बाजूने तीसपैकी तीस मतं.

(पडद्यावर: वेस्ट ओकलंडमधलं लहान मैदान, लाकडी फळ्यांचे बाक, पोरंटोरं.)

२०२४ पासून वेस्ट ओकलंडमधल्या रेमंडी पार्कवर ओकलंड बॉलर्स नावाचा नवा, खालच्या लीगचा संघ खेळतोय. गावातल्या लोकांनी काढलेला, चाहत्यांनीही ज्याचे समभाग घेतलेत. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. जुना संघ सध्या सॅक्रामेंटोला, चौदा हजारांच्या मैदानावर उसना राहतो. नावापुढे गावच लावत नाही. नुसतं ॲथलेटिक्स.

पण कोलिझियमचा शेवटचा दिवस सांगायचा राहिला. २६ सप्टेंबर २०२४, टेक्सास रेंजर्सशी. रिकी हेंडरसन आणि संघाचा जुना पिचर डेव्ह स्ट्युअर्ट यांनी मानाचे पहिले चेंडू टाकले. त्यानंतर तीन महिन्यांत रिकी गेला. सामना संपल्यावर व्यवस्थापक मार्क कोट्से माइक घेऊन उभे राहिले, लोकांचे आभार मानले आणि शेवटचं 'लेट्स गो ओकलंड' सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. लोक मैदानातली माती कागदी पेल्यांत भरून घरी नेत होते.

बाईंनी माती घेतली नाही. त्या कार्ड भरत होत्या. नववी इनिंग, एज् ३–२ ने पुढे, पिचर मेसन मिलर. चेंडू तिसऱ्या बेसकडे घरंगळला, मॅक्स शूमनने उचलला आणि पहिल्या बेसला फेकला. त्यांनी शेवटच्या चौकोनात लिहिलं, ५–३. मग तळाच्या ओळीवर पेन्सिल टेकवून त्या थांबल्या, आकडा जाहीर होईपर्यंत.

४६,८८९.