कॅम्पमधला दिवस आणि रात्रीचा फोन

नमस्कार श्रोतेहो,

नाशिकला व्यायामशाळांची परंपरा जुनी. मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था देणारे बाळंभटदादा देवधर आपल्या निफाड तालुक्यातल्या कोठुरे गावचे. मूल सहा-सात वर्षांचं झालं, अंगात चपळाई दिसली, की आपल्याकडे पालक त्याला मल्लखांबावर नाहीतर जिम्नॅस्टिक्सच्या मॅटवर आणून सोडतात. त्यातलं एखादं जिल्हा, राज्य असं करत पुढे सरकतं आणि मग नॅशनल कॅम्पचं, म्हणजे जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय सराव शिबिराचं पत्र येतं. घरात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी मुलीची आई प्रशिक्षकाला गाठून विचारते, "सर, तिथे दिवसभर काय करतात हो या मुली?" मी मुलांना शिकवणारा माणूस. हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

दिवसातून दोन सत्रं, आठवड्यातून सहा दिवस, मिळून 30-35 तास. जगात बहुतेक ठिकाणी वरच्या पातळीचा सराव असाच चालतो. टीव्हीवर आपण मुलींचा फ्लोअर, म्हणजे मॅटवरच्या कसरती पाहतो, त्या जास्तीत जास्त 90 सेकंदांच्या. व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायची उडी, तर 25 मीटरच्या धावपट्टीसकट काही क्षणांत संपतो. त्या 90 सेकंदांसाठी सकाळचं सत्र जवळजवळ सगळं पायाभूत कामात जातं. सांधे मोकळे करायचे, स्प्लिट म्हणजे पाय पूर्ण फाकवून बसणं, भिंतीला पोट लावून हॅन्डस्टँड म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, दोरावर फक्त हातांच्या बळावर चढणं. दहा-बारा वर्षं खेळलेली, आंतरराष्ट्रीय पदक असलेली मुलगीसुद्धा रोज सकाळी हॅन्डस्टँडच करते. कोपर किंचित वाकलं तरी प्रशिक्षक खाली उतरवून पुन्हा करायला लावतात.

दुपारी जेवण, थोडी झोप, अभ्यास. मग मुख्य सत्र. मुलांना सहा प्रकार, मुलींना चार: व्हॉल्ट, अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे), बीम आणि फ्लोअर. बीमविषयी थोडं सांगायला हवं. पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदी 10 सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी. त्यावर मागे कोलांटी मारायची आणि उतरायचं त्याच पट्टीवर. ही कोलांटी आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवर होते, मग जमिनीलगतच्या बीमवर, मग गाद्या रचून उंच बीमवर, आणि मग एकेक गादी कमी करत. या एका हालचालीला महिने लागतात. व्हॉल्टची नवी उडीही आधी फोमच्या खड्ड्यात मारतात. पाय रोवून उतरायची वेळ फार उशिरा येते.

आणि हात. जिम्नॅस्टचा तळहात एकदा जवळून पाहा. बोटांच्या मुळाशी घट्टे, मध्ये ताज्या गुलाबी कातडीचा ठिपका. बारवर फिरताना घट्टा उचकटतो आणि साल सोलून निघते. त्याला मुलं 'रिप' म्हणतात. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर लावायची, चामड्याच्या ग्रिप बांधायच्या, तरी रिप होतेच. पॅरलल बारवर, म्हणजे दोन समांतर दांड्यांवर खेळणारी मुलं तर पकड चिकट राहावी म्हणून हाताला मध चोळतात. रात्री हात धुऊन कडक झालेली कातडी घासून सपाट करायची, मलम लावून झोपायचं, सकाळी पुन्हा बार. पोरं याचं कौतुक करून घेत नाहीत. रडतही नाहीत. मला काळजी वाटते ती इथेच.

रिपचं दुखणं आणि मनगटाच्या हाडाचं दुखणं यात फार फरक आहे. पण रोज दुखणं सोसायची सवय लागलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला तो फरक सांगताना भीती वाटते. संघातून नाव जाईल, घरच्यांना वाईट वाटेल, सर रागावतील. म्हणून ती पट्टी बांधते आणि गप्प राहते. कॅम्पमध्ये फिजिओ असतो, बर्फ असतो, पण जे बोललंच गेलं नाही त्यावर उपचार कोण करणार?

अमेरिकेचं उदाहरण मन घट्ट करून ऐका. टेक्सासमधल्या राष्ट्रीय सराव तळावर पालकांना प्रवेश नसे. तिथे संघाच्याच डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं. जानेवारी 2018 मध्ये 150हून अधिक मुली आणि स्त्रिया कोर्टात त्याच्याविरुद्ध बोलल्या. त्याच महिन्यात तिथला राष्ट्रीय सराव कायमचा बंद झाला. पदकं तिथून भरपूर आली होती. त्याच देशाच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने 2021 साली टोकियोत सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली, कारण हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला उमगेनासं झालं होतं. तेव्हा नावं ठेवणारे खूप निघाले. ती थांबली नसती तर मानेवर पडली असती, हे आम्हा शिकवणाऱ्यांना चटकन कळलं. आठवड्याभराने तिने बीमवर कांस्यपदक घेतलं आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णं.

आता आपली दीपा कर्माकर. 2016च्या रिओ ऑलिम्पिकला आपल्या जिल्ह्यातले नौकानयनपटू दत्तू भोकनळ आणि धावपटू कविता राऊत गेले होते, त्याच ऑलिम्पिकमध्ये आगरतळ्याची दीपा व्हॉल्टमध्ये चौथी आली. कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकलं. पायांचे तळवे जन्मतः सपाट, लहानपणी सरावाला जुन्या स्कूटरच्या भागांतून जुळवलेलं साहित्य, आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या सरावातून ही पातळी. रिओत पात्रता फेरी आणि अंतिम फेरी यांच्या मधोमध, 9 ऑगस्टला तिचा वाढदिवस होता. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी लक्ष विचलित होऊ नये म्हणून तिच्या मोबाइलचं सिमकार्ड काढून घेतलं होतं. बोलायला परवानगी फक्त आई-वडिलांशी. नंदीसर कडक, पण घरची लाइन त्यांनी तोडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. रिओहून परतल्या परतल्या दीपाने एम.ए.ची परीक्षा दिली. 2017 मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तरी 2024 मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण.

तेव्हा, मुलीला कॅम्पला पाठवताना बॅगेत लाडू-चिवडा जरूर द्या, पण आधी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. आधी न कळवता येऊन आम्हाला सराव बघता येईल का? मुलींच्या वसतिगृहात रात्री जबाबदार बाई कोण? तपासणीच्या वेळी डॉक्टरसोबत दुसरं कोणी असतं का? दहावीच्या परीक्षेची सोय काय? हे विचारल्याने कोणी रागावत असेल तर पत्र कितीही मोठ्या ठिकाणचं असो, दोन दिवस थांबून विचार करा.

आणि रात्री फोन आला की, "आज नवीन काय शिकलीस?" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, आज कुठे दुखतंय, आणि ते सरांना सांगितलंस का? "नाही" म्हणाली तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्राआधी प्रशिक्षकांना तुम्ही स्वतः फोन करा.

नमस्कार.