१४ मीटर

(दृश्य : गवतातली पायवाट, वरून)

ही पायवाट कुणी आखलेली नाही. माणसं रोज इथून चालली, गवत दबलं, वाट पडली. नकाशात इथे नुसता हिरवा पट्टा आहे. शेजारच्या रस्त्याचा आराखडा करणारे मात्र सगळ्यात आधी हिच्याकडे येतात. माणसं कुठून चालतात आणि कुठे ओलांडतात, ते इथे उमटलेलंच असतं.

(दृश्य : डांबरावर पसरलेला टेप, त्यावर वाकलेले दोघे)

या कडेपासून त्या कडेपर्यंत १४ मीटर. साडेतीन-साडेतीन मीटरच्या ४ लेन. हे माप हमरस्त्याचं. मोटार आरशांसकट जेमतेम २ मीटर भरते, बससुद्धा अडीचच्या आसपास. बाकीची मोकळी जागा बघून चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर पडतो. वेगमर्यादेची पाटी आपली बाजूला उभी.

(दृश्य : खडूने रेघ मारणारा हात)

आता हेच १४ मीटर पुन्हा वाटू. जायला एक लेन, यायला एक, मधे वळणाऱ्यांसाठी एक. तिन्ही ३-३ मीटरच्या. झाले ९. उरले ५, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच : २ मीटर सायकलला, अर्धा मीटर मधल्या कठड्याला. कठडाच हवा. नुसता रंगाचा पट्टा मारला की काय होतं, ते मागे दिसतंच आहे : पट्ट्यावर गाडी उभी, आणि सायकलवाला तिला वळसा घालून थेट वाहतुकीत. पदपथ गवतात, पायवाट आहे तिथूनच. एक भिंत पाडलेली नाही, एक झाड तोडलेलं नाही. 'जागाच नाही हो' म्हणणाऱ्यांनी ही रेघ जरा नीट बघावी.

(दृश्य : सिग्नल, काठी टेकत निघालेल्या आजी)

सिग्नल लावताना चालण्याचा वेग बऱ्याचदा सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १४ मीटरला १२ सेकंद. काठी टेकत चालणाऱ्या माणसाचा वेग ०.८ धरला, तर साडेसतरा.

दिवा लाल झाला. काठी अजून तिसऱ्या लेनमध्ये आहे.

(थोडा वेळ निवेदन नाही)

जिथे कुणाला वळायचं नाही, तिथे मधल्या लेनच्या ३ मीटरांत थांबायचं बेट बसतं. मग एका दमात ओलांडायची लेन एकच, आणि बघायचं एकाच दिशेला.

(दृश्य : कोपऱ्यावर प्लास्टिकचे शंकू, वळणारा अग्निशमन बंब)

कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी वेग न सोडता वळते. शंकू रस्त्यात पुढे घेऊन गोलाई लहान केली, की ब्रेक लावावाच लागतो. पण बंब वळेल का? हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून बंबच बोलावला. वळला. एक शंकू पडला. तो वीतभर सरकवला, झालं.

(दृश्य : सभागृह, पडद्यावर गाड्यांनी भरलेल्या रस्त्याचा जुना फोटो)

'नेदरलँड्समध्ये काय, पहिल्यापासूनच सायकली.' नाही. हा फोटो तिथलाच आहे. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर अपघातांत ३,००० हून अधिक माणसं गेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांनी सायकली आडव्या घालून रस्ते अडवले. त्यात तेलटंचाई आली. सायकलचे वेगळे मार्ग तिथे असे मागून घेतलेले आहेत.

गाड्या लावायची जागा कमी होईल, गर्दीच्या वेळी थोडा खोळंबाही होईल. आराखड्यात त्याची नोंद आहे.

(दृश्य : संध्याकाळ, शंकूंची रांग)

शंकू आठवडाभर असेच राहणार. कडेला एकजण मोजणीचं यंत्र घेऊन बसला आहे. सायकल गेली की एक टिक.

(दृश्य : शाळेचं दप्तर पाठीला लावलेली मुलगी, सायकलवर. टिक.)